पुढचा हात कुणाचा? कचरा टाकताना काय करावं, काय टाळावं

गेल्या वैशाखात आमच्या इमारतीखाली कचरा घेणाऱ्या ताई सुका कचरा निवडत बसल्या होत्या. दुधाच्या पिशव्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, बाटल्या गोणीत. एका काळ्या पिशवीत त्यांनी हात घातला आणि झटकन मागे घेतला. वर नारळाच्या शेंड्या होत्या, खाली फुटलेला काचेचा पेला. अंगठ्याखालचा मांसल भाग चांगलाच उघडा पडला होता. मी वर जाऊन औषध-पट्टी आणेपर्यंत त्यांनी त्याच ढिगातली एक चिंधी काढून हाताला गुंडाळलीसुद्धा. “अजून दोन बिल्डिंगा राहिल्यात,” एवढंच म्हणाल्या. मग जाताजाता, “काच असली तर नुसतं सांगत जावा.”

पिशवी आमच्याच मजल्यावरची होती. पेला कुणाचा, हे मी कुणाला विचारलं नाही. आदल्या रात्री माझ्याच हातून एक फुटला होता.

तेव्हापासून डब्याशी उभी राहिले की मला एकच प्रश्न पडतो: याला पुढचा हात कुणाचा लागणार? टाकलं म्हणजे गेलं, असं आपण धरून चालतो. जात काहीच नाही. आपल्या हातून सुटतं ते दुसऱ्याच्या हातात पडतं. हात नसेल तिथे गाईच्या तोंडात, नाहीतर नाल्याच्या जाळीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१३ मधल्या अंदाजानुसार जगभरात १.९ ते २.४ कोटी लोक कचरा उचलण्यावर आणि निवडण्यावर पोट भरतात. त्यांतल्या जेमतेम ४० लाखांना पक्की नोकरी आहे. बाकीच्यांच्या हातात बहुधा साधा हातमोजाही नसतो. ही यादी त्या हातांसाठी आहे.

धारदार आणि टोकदार

करा: फुटलेली काच वर्तमानपत्राच्या चार-सहा घड्यांत गुंडाळा, वरून चिकटपट्टी लावा आणि जाड पेनाने मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा. वाचता न येणाऱ्यांसाठी शेजारी मोठी लाल फुलीही मारा. हा पुडा पिशवीच्या तळाशी कोंबू नका. वेगळा ठेवा आणि हातात देताना तोंडाने सांगा. जपानमध्ये घराघरांत हे करतात. फुटलेली काच, जुनी सुरी कागदात गुंडाळून वर ‘किकेन’, म्हणजे ‘धोका’, असं लिहितात. तिथल्या कित्येक गावांत कचऱ्याची पिशवी पारदर्शक असावी लागते, म्हणजे उचलणाऱ्याला हात लावण्याआधीच आत काय आहे ते दिसतं. आपल्याकडची काळी पिशवी सगळं झाकून टाकते, म्हणून तर ती आपल्याला सोयीची वाटते.

करा: ज्या घरात मधुमेह आहे तिथे रोज एखादी तरी सुई निघते. इन्सुलिनच्या सुया, साखर तपासायच्या टोचण्या, दाढीची पाती यांच्यासाठी जाड प्लास्टिकची एक रिकामी बाटली ठेवा. फिनेलची चालते, शाम्पूची चालते. पाण्याची पातळ बाटली नको, तिच्यातून सुई आरपार येते. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळा आणि वर ‘सुया’ असं लिहा. जवळच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये विचारून पाहा. त्यांचा असा कचरा वेगळा जातो, काही जण आपली बाटलीही ठेवून घेतात. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, सात दिवस तग धरू शकतो. सात दिवसांत आपली पिशवी चार-पाच हातांतून फिरलेली असते.

टाळा: ‘एकच तर पातं आहे’ म्हणून ते केसांच्या गुंत्यात किंवा भाजीच्या देठांत सारणं.

टाळा: संक्रांतीनंतर नायलॉनचा मांजा गच्चीवर, तारांवर, झाडांत तसाच सोडणं. त्यावर बंदी आहे, त्यामुळे घरात मुळात यायलाच नको. आलाच असेल तर बारीक तुकडे करून कागदात बांधा. लांब राहिला तर पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे कापतो आणि ढीग उपसणाऱ्याच्या बोटांत शिरतो.

लाल ठिपका

पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. सभासद बहुतेक दलित कुटुंबांतल्या बायका. त्यांतल्या कितीतरी जणींची घरं १९७२च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. २००८ मध्ये याच कष्टकऱ्यांच्या मालकीच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला आणि त्या दारोदार कचरा घेऊ लागल्या. सॅनिटरी पॅडचा विषय त्यांनीच लावून धरला, कारण कचऱ्यात उघडं पडलेलं पॅड बोटांनी बाजूला काढणं रोज त्यांच्याच वाट्याला येत होतं. मागणं एवढंच: कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की पुडा उघडून बघावा लागत नाही.

करा: पॅड, डायपर, जखमेच्या पट्ट्या, सगळ्यांना हेच. गुंडाळून वेगळं द्यावं, हे घनकचरा नियमांतही आहे. आमच्याकडे न्हाणीघराच्या खिडकीत जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन कापून ठेवलेत आणि दोऱ्याला लाल तेलखडू बांधलाय. पेन दमट हवेत दगा देतं, तेलखडू देत नाही. चौकोन कापायचं काम धाकट्या मुलाकडे आहे. ते कशासाठी, हे त्याला नीट सांगितलंय. त्याला त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही, लाज मोठ्यांनाच वाटते.

टाळा: कमोडमध्ये सोडणं. पॅड पाणी शोषून फुगतं आणि नळ धरून बसतं. मग चेंबरचं झाकण उघडून कुणाला तरी आत उतरवलं जातं. हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे, तरी गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत गुदमरून माणसं मरायची थांबलेली नाहीत. आपल्या घरातला नळ त्या चेंबरलाच जाऊन मिळतो.

ओलं, सुकं

टाळा: दोन्ही एकत्र करणं. इथे मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे, कारण ‘आम्ही वेगळं करतो, पण ते गाडीत एकत्रच टाकतात’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण निवडणारी बाई गाडीच्या आधी येते. तिच्यासाठी कोरडी रद्दी म्हणजे पैसे आणि आमटी सांडलेली रद्दी म्हणजे ओझं. एक वाटी उरलेली आमटी किलोभर कागदाची किंमत शून्यावर आणते. गाडीत एकत्र टाकतात हे खरोखर दिसलं तर फोटो काढा, वॉर्ड ऑफिसात तक्रार द्या, तिचा नंबर घ्या, पाठपुरावा करा. त्याचा राग डब्यावर काढू नका.

एकत्र झालेला कचरा पुढे कुठे जातो, तेही सांगायला हवं. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. ढिगात दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, तो कुजून मिथेन वायू सोडतो आणि त्या वायूला कोरड्या प्लास्टिक-कागदाचं जळण आयतंच मिळतं. जानेवारी २०१६च्या अखेरीस देवनार पेटलं ते कित्येक दिवस धुमसत राहिलं, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं झेलणाऱ्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या किती वेळा अडवल्या, हे पुणेकरांनी पाहिलंय. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने त्यांच्या विहिरी नासल्या. आपली विहीर नासली असती तर आपणही रस्त्यावर बसलो असतो.

करा: दुधाची पिशवी नीट कापा. तिचा कोपरा पूर्ण तोडून काढू नका, छोटी चीर द्या आणि तो तुकडा पिशवीलाच लटकू द्या. तोडलेला त्रिकोण नखाएवढा असतो. ओट्यावरून मोरीत, मोरीतून गटारात. तो कुणालाच वेचता येत नाही. पिशवीत घोटभर पाणी घालून हलवा आणि ते दुधाच्या पातेल्यात ओता, तेवढंच दूधही वाया जात नाही. मग पिशवी उलटी करून टाइल्सवर चिकटवा, तासाभरात वाळून आपोआप खाली पडते. अशा कोरड्या पिशव्या एकात एक घालून महिन्याची चवड केली तर भंगारात तिला भाव आहे. न धुतलेल्या पिशवीला दुसऱ्या दिवशी असा आंबूस वास सुटतो, की निवडणाऱ्या बाईच्या हाताला तो संध्याकाळपर्यंत चिकटून राहतो.

टाळा: उरलेलं अन्न प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ‘गाईला’ ठेवणं. गाय ओठांनी निवडून खात नाही. ती जिभेने घास ओढते आणि न चावता आत ढकलते. पोळीबरोबर पिशवीही जाते, पिशवीत टाचणी किंवा तार असेल तर तीही जाते आणि पोटाच्या पडद्यातून पुढे काळजापर्यंत रुतते. गोठ्यावरचे डॉक्टर तिच्या पोटातून ओंजळी-ओंजळीने प्लास्टिक बाहेर काढतात. गाईला द्यायचंच असेल तर हातावर द्या, मोकळं द्या.

करा: घरचं ओलं घरात मुरवा. दोन मातीच्या कुंड्या, थोडं कोरडं पान, नारळाचा भुसा आणि रोज एकदा उलथणं, एवढ्यावर चौघांच्या घराच्या साली-देठं सहज जिरतात. गावाकडे हे काम उकिरडा करत असे. शेण, राख, पालापाचोळा, सगळं कुजून पावसाआधी शेतात जायचं. उकिरडा आजही आहे, पण आता त्यात शाम्पूच्या पुड्या आणि वेफर्सची पाकिटं असतात आणि तेच खत रानात पसरतं. माझ्या मामीला ज्वारीच्या सरींतून चमकणाऱ्या चंदेरी पट्ट्या वेचताना मी पाहिलंय. तिथेही हात आहेच.

इजिप्तमधल्या कैरोची गोष्ट मला पुन्हापुन्हा आठवते. मुकत्तम टेकडीच्या पायथ्याशी झब्बालीन लोकांची वस्ती आहे. पिढ्यान्‌पिढ्या ते शहरभर दारोदार जाऊन कचरा उचलत, घरी आणून निवडत. उष्टं-खरकटं डुकरांना, बाकीचं विकायला. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीपोटी सरकारने देशातली सुमारे ३ लाख डुकरं मारून टाकली. डुकरांकडून माणसांना ही लागण होत असल्याचा पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटना तेव्हाच सांगत होती. डुकरं गेली तसं झब्बालीनांनी अन्नाचा कचरा उचलणं सोडलं, कारण त्याचं त्यांना काही करताच येईना. काही महिन्यांत कैरोच्या गल्ल्यांत सडक्या अन्नाचे ढीग लागले. ज्यांच्यामुळे शहर चालतं त्यांना न विचारता निर्णय झाला, की असं होतं.

करा: दक्षिण कोरियाची कसोटी वापरून बघा. तिथे २००५ पासून अन्नाचा कचरा जमिनीत पुरायला बंदी आहे आणि २०१३ पासून तो जेवढा टाकाल तेवढे पैसे भरावे लागतात. या कचऱ्याचं बरंचसं पशुखाद्य आणि खत होतं. म्हणून हाडं, शिंपले, अंड्याची टरफलं, फळांच्या टणक बिया त्यात चालत नाहीत. ‘हे जनावर खाऊ शकेल का?’ हा प्रश्न तिथल्या गृहिणीला पाठ असतो. पुढचा हात नव्हे, पुढचं तोंड.

पेटणारं

टाळा: जुना मोबाइल, पॉवर बँक, चार्जिंगची खेळणी, इअरफोन सुक्या कचऱ्यात देणं. लिथियमची बॅटरी गाडीत दाबली गेली की पेट घेते. कचऱ्याच्या गाड्यांना आणि डेपोंना अशा आगी आता जगभर लागतात. ई-कचरा वेगळा साठवा आणि संकलनाच्या दिवशी द्या.

करा: ट्यूबलाइट, सीएफएल आख्खे द्या, मूळ खोक्यात घालून. आत पारा असतो.

टाळा: पालापाचोळा आणि प्लास्टिक एकत्र करून कोपऱ्यात पेटवणं. थंडीत सकाळी झाडणाऱ्यांकडून हे करवून घेणाऱ्या सोसायट्या मला ठाऊक आहेत. ढीग लवकर हटतो आणि धूर त्याच झाडणाऱ्याच्या छातीत जातो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये दंड ठरवला आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यांसाठी २५,०००. पाला खड्ड्यात टाका, पावसाळ्यानंतर त्याची माती झालेली असते.

रस्ता, रेल्वे, गड

करा: बाहेर पडताना एक रिकामी कापडी किंवा जाड पिशवी जवळ ठेवा, फक्त आपल्या कचऱ्यासाठी. टोकियोत १९९५ मध्ये भुयारी रेल्वेत सरीन या विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक ठिकाणचे बहुतेक डबे काढून टाकले गेले. तरी शहर स्वच्छ आहे, कारण लोक आपला कचरा घरी नेतात. ‘डबाच नव्हता’ ही सबब मी स्वतःपुरती त्या दिवशी सोडली, ज्या दिवशी हे वाचलं.

टाळा: गाडीची काच खाली करून काहीही भिरकावणं. केळ्याचं सालही नको. मागून दुचाकी येते.

टाळा: रेल्वेच्या खिडकीतून बाटली टाकणं. रुळांवरून रोज गँगमन चालत असतो, त्याची नजर रुळावर हवी, आपल्या बाटल्यांवर नको. आणि शौचालयात तर काहीच टाकू नका. गाड्यांना आता बायो-टॉयलेट आहेत. त्यात बाटली, पॅड, गुटख्याची पुडी अडकली की टाकी तुंबते आणि यार्डात डब्याखाली वाकून कुणाला तरी ती मोकळी करावी लागते.

टाळा: सिगारेटचं थोटूक चिरडून तिथेच सोडणं. ते कापसाचं दिसतं, पण असतं सेल्युलोज ॲसिटेट, म्हणजे प्लास्टिकच. झाडूच्या काड्यांतून ते निसटतं. झाडणाऱ्या बाई फरशीच्या सांध्यातून नखाने काढतात, बसस्टॉपवर उभं राहून बघा.

टाळा: थुंकणं. जिन्याचा कोपरा खरवडणाऱ्या माणसाचा चेहरा एकदा पाहिला तर पुरे.

टाळा: पावसाळी गटाराच्या जाळीवर पिशवी ठेवणं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसात कुठलंही शहर बुडालं असतं, हे मान्य. पण पाणी उतरायला जे दिवस लागले त्यात तुंबलेल्या नाल्यांतल्या प्लास्टिकचा वाटा मोठा होता. महाराष्ट्रात २०१८ मध्ये पिशव्यांवर बंदी आली. भाजीवाल्याकडची पातळ पिशवी मात्र आजही गाडीखालून निघते. आपण मागतो म्हणूनच तो ती ठेवतो. मागू नका.

करा: गडावर नेलेलं सगळं खाली आणा आणि शिवाय दुसऱ्याच्या दोन बाटल्या आणा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खाली फेकलेली बाटली आणायची तर दोर लावून उतरावं लागतं. गिर्यारोहक मुलं-मुली सुट्टीच्या दिवशी असं उतरतात, कमरेला पोतं बांधून.

समारंभ

टाळा: लग्नात प्रत्येक पानापुढे पाण्याची छोटी बाटली. दोन घोट पिऊन माणसं उठतात. रात्री साडेअकराला मंडपामागे केटररच्या बायका त्या अर्ध्या बाटल्या एकेक करून ओततात. त्याशिवाय भंगारवाला घेत नाही. पिंप आणि स्टीलचे पेले ठेवा. कागदी पेल्याच्या आत प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे तो कागदात धरत नाहीत आणि प्लास्टिकमध्येही.

करा: ताटात टाकलं जाणार नाही एवढंच वाढा आणि खरकट्यासाठी वेगळं पिंप ठेवा. मांडववाल्याला हे आधी सांगितलं तर तो करतो. आयत्या वेळी सांगून होत नाही.

करा: गणपतीत निर्माल्य देण्याआधी हारातला दोरा, जरीची पट्टी, थर्माकोलचे मणी, दुर्वांच्या जुडीला लावलेलं रबर, सगळं सोडवून ठेवा. निर्माल्य कलशातलं शेवटी खतासाठी जातं आणि तो दोरा कुणीतरी सोडवतंच. पूजा आपली, तर दोराही आपणच सोडवलेला बरा.

परमुलखात

करा: नव्या देशात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कचऱ्याची पद्धत विचारून घ्या, शेजाऱ्याला विचारा. आपली मुलं शिकायला, नोकरीला सगळीकडे जातात आणि भाड्याच्या घरात पहिली तक्रार बहुधा याचीच येते. जपानमध्ये चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी उचलत नाहीत, वर चिठ्ठी चिकटवून तिथेच सोडतात. शिकोकू बेटावरच्या कामिकात्सु या छोट्या गावाने २००३ मध्ये ‘शून्य कचरा’ हे ध्येय जाहीर केलं. तिथले लोक आपला कचरा स्वतः केंद्रावर नेऊन चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात.

करा: जर्मनीत रिकामी बाटली डब्यात न टाकता डब्याशेजारी ठेवा. माझी भाची बर्लिनला गेली तेव्हा पहिल्या हिवाळ्यात तिला वाटलं, एवढ्या नीटनेटक्या देशात लोक डब्याबाहेर बाटल्या का सोडतात? मग कळलं. शीतपेयाच्या बहुतेक बाटल्यांवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, दुकानात परत दिली की मिळते. ज्यांना ते पैसे हवे असतात, बहुधा एखादे म्हातारे आजोबा, त्यांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून बाटली बाहेर, उभी ठेवायची. एवढ्या साध्या गोष्टीत त्या अनोळखी हाताची केवढी आठवण ठेवलीय.

टाळा: घंटागाडी चुकली म्हणून कोपऱ्यावर पिशवी ठेवून येणं. तैवानमध्ये कचऱ्याची गाडी बीथोवनची ‘फ्युर एलिझ’ वाजवत येते आणि सगळे जण पिशव्या घेऊन खाली उतरतात. कचरा जमिनीला टेकूच द्यायचा नाही, हे तिथलं धोरण. तैपेईत २००० पासून कचऱ्याची अधिकृत पिशवी विकत घ्यावी लागते, म्हणून पिशवीत काय जाऊ द्यायचं याचा विचार आधी होतो. आपल्या घंटागाडीलाही गाणं आहे, वेळ आहे. चुकली तर एक रात्र घरात ठेवा. कोपऱ्यावरची एक पिशवी सकाळपर्यंत दहा होतात, कुत्री फाडतात आणि ते सगळं हाताने भरावं लागतं.

माणूस

टाळा: ‘कचरेवाली आली’ अशी हाक. कचरा आपला आहे, ती तो घेऊन जाते. ताई म्हणा, मावशी म्हणा, नाव माहीत करून घेऊन नावाने हाक मारा.

टाळा: तिला लिफ्ट नाकारणं. १ फेब्रुवारी १९६८ला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात जोराचा पाऊस होता. कचरा उचलणाऱ्या काळ्या कामगारांना कुणाच्या दारात आडोशाला थांबायची मुभा नव्हती. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर गाडीच्याच मागच्या भागात शिरले. दाबयंत्र अचानक सुरू झालं आणि दोघंही चिरडून मेले. तेराशे कामगार संपावर गेले, ‘मी माणूस आहे’ असे फलक धरून रस्त्यावर उतरले. त्यांना पाठिंबा द्यायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची त्याच शहरात ४ एप्रिलला हत्या झाली. वास येतो म्हणून लिफ्ट वापरू नका, हा फलक मी आपल्याकडच्या इमारतीत पाहिलाय आणि तो वाचताना मला दर वेळी मेम्फिसचा तो पाऊस आठवतो. सात मजले डोक्यावर ओझं घेऊन उतरायचं, ते ओझं सातही मजल्यांचं आणि वासही सातही मजल्यांचाच.

करा: सुट्टी मान्य करा. ताप आला, घरात लग्न आहे, तर दोन दिवस कचरा घरात राहील. दिवाळीला पैसे द्या, पण फक्त दिवाळीला नको. हातमोजे घ्यायचे तर जाड रबरी घ्या; पातळ मोजे काचेला पुरे पडत नाहीत आणि उन्हात हात भिजवून टाकतात.

करा: पाणी, नळ, संडास मोकळा ठेवा. उन्हाळ्यात त्या पाणी मागत नाहीत. कारण विचारलं तर कळतं, प्यायलं तर जायचं कुठे? आमच्या सोसायटीत वॉचमनचा संडास त्यांच्यासाठी उघडा ठेवायचा, यावर तीन मीटिंगा झाल्या. शेवटी एकमत झालं. त्याच दिवशी खालच्या नळाशी, पार्किंगच्या खांबाला, मी साबणाची वडी जाळीच्या पिशवीत बांधून ठेवली. ताईंचा अंगठा तेव्हा भरून आला होता, पांढरी रेघ तेवढी उरली होती. काम संपल्यावर त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि वडी परत जाळीत घालून गाठ मारली. पहिली वडी नऊ दिवस पुरली. आता महिन्याच्या खर्चाच्या वहीत फिनेल आणि झाडूच्या खाली ‘साबण – ३’ असं लिहिलेलं असतं.